पेठेतील बंद पडलेली तालीम पुन्हा कशी सुरू करावी

कोल्हापूरच्या पेठांमध्ये तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा नव्हे. कामावरून परतलेला माणूस संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर येऊन बसतो, गल्लीतले भांडण तिथेच मिटते, मयतीची तयारी तिथूनच हलते, आणि 2019 व 2021 च्या महापुरात पूरग्रस्तांच्या जेवणाची पातेली चढली तीही अनेक तालमींच्या दारातच. काही तालमींत गणपती आणि मोहरमचा पंजा एकाच छताखाली बसतात. अशी जागा बंद पडते तेव्हा पेठेची एकत्र येण्याची सवयच मोडते, आणि म्हणून ती पुन्हा सुरू करण्याचे काम मला फार मोलाचे वाटते.

तालमी ओस का पडल्या हे आधी समजून घ्यावे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला आणि 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. पुढे तो आश्रय सरला, खुराकाचा खर्च ज्याच्या त्याच्या घरावर आला, मोठ्या स्पर्धा मातीवरून मॅटवर गेल्या आणि मुले जिमकडे वळली. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावे आज फुटबॉलमुळे शहरभर गाजतात, ही मात्र जमेची बाजू आहे, कारण तालमीच्या नावाचा अभिमान अजून शाबूत आहे आणि कामाची सुरुवात त्याच्याच बळावर करायची आहे.

पहिले काम इमारतीचे नव्हे, मातीचे. बहुतेक जण रंगरंगोटी, फरशी आणि वर्गणीच्या पावत्या यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच दमतात. आमच्या तालमीत हौद्यावर, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यावर, मांडवाचे बांबू, ताडपत्र्या आणि फुटके ढोल रचलेले होते. ते बाहेर काढल्यावर खालची माती खळ्यासारखी टणक लागली आणि कुदळ अक्षरशः उडून हातावर आली. अशी माती एका दिवसात मोकळी होत नाही. ती चार-पाच दिवस थोडे थोडे पाणी शिंपून खणावी, खडे, काचा आणि खिळे हाताने वेचावेत, मग सगळी माती चाळून घ्यावी आणि कमी पडेल तितकी नवी लाल माती आणून तिच्यात मिसळावी. त्यानंतर ताक, लिंबाचा रस, हळद, तेल आणि कापूर घालून ती उलटीपालटी करावी. प्रमाण कागदावरून ठरवू नये. जुन्या पैलवानाला हौद्यात उभे करून त्याच्या हाताने ठरवावे. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि अंगठा लावताच तो विस्कटावा, ही खरी कसोटी. पुढे रोज सकाळी फावड्याने हौदा उकरलाच पाहिजे, कारण दोन दिवस हात लागला नाही तरी माती बसू लागते; शिवाय हौदा खणणे हा नव्या मुलांचा पहिला व्यायामही असतो.

कागदपत्रांचे काम महिनोन्‌महिने चालते, म्हणून मातीसाठी त्याची वाट पाहू नये. पण ते टाळूही नये. तालीम मंडळाची न्यास म्हणून नोंदणी असल्यास धर्मादाय आयुक्त कार्यालयातून नोंदवहीचा उतारा आणि नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी. जुने विश्वस्त निवर्तलेले असतात आणि त्यांच्या जागी कोणाचीच नोंद झालेली नसते, असे वारंवार आढळते. अशा बदलाचा अहवाल महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 नुसार 90 दिवसांत द्यायचा असतो. मुदत उलटली असल्यास विलंबाचे कारण मांडून तो दाखल करावा. तळमजल्यावर गाळे काढून तालीम वर नेण्याचा प्रस्ताव आला, तर कलम 36 ध्यानात ठेवावे: न्यासाची जागा विकायची असो किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची असो, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. माझे स्पष्ट मत असे की भाड्याच्या उत्पन्नासाठी हौदा वरच्या मजल्यावर नेऊ नये, कारण तिथे तो काही दिवसांतच अडगळीची खोली होतो.

वस्ताद नेमताना नावाजलेल्या मल्लापेक्षा रोज पहाटे येऊ शकणारा माणूस निवडावा. सुरुवातीची सहा-आठ मुले शेजारच्या घरांतलीच असावीत; त्यांना थेट कुस्तीला न भिडवता जोर, बैठका आणि मल्लखांब यांवर काही आठवडे घालवावेत. मुलींसाठी स्वतंत्र वेळ पहिल्या दिवसापासून ठेवावी, मागाहून ती वेळ कोणी मोकळी करून देत नाही. खुराकासाठी रोख वर्गणी मागण्यापेक्षा एका घराने दूध, दुसऱ्याने बदाम असे वाटून घेतलेले अधिक टिकते.

कट्ट्याकडे मात्र अनेकांचे दुर्लक्ष होते. मुले सरावाला येतात ती तासाभरासाठी, पण तालीम दिवसभर जागी ठेवतात ती कट्ट्यावरची वयस्क मंडळी; म्हणून त्यांच्यासाठी बाकडे, पिण्याचे पाणी, वर्तमानपत्र आणि चांगला दिवा यांची सोय मातीच्या कामाबरोबरच करावी. किल्ल्या दोन ठेवाव्यात: एक वस्तादाकडे आणि दुसरी तालमीला लागूनच्या घरात, म्हणजे वस्ताद गावाला गेला तरी संध्याकाळी दार उघडून मारुतीपुढे दिवा लागेल.