समुद्री प्राण्यांचं मॉडेल बनवताना, उत्तर लिहिताना या चुका टाळा

आपल्या विदर्भातून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. खेड्यातल्या शाळेतल्या बहुतेक मुलांनी तो पुस्तकात नाहीतर मोबाइलवरच पाहिलेला असतो. तरी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात समुद्राचं मॉडेल असतंच, आणि त्यात नेहमीच्याच चुका दिसतात. त्यांचं मूळ एकच आहे: पाण्यात राहतो म्हणजे प्राणी माशासारखाच असणार, असं धरून चालणं. कासव, समुद्री साप, समुद्री पक्षी, देवमासे, सील या सगळ्यांचे पूर्वज जमिनीवर राहत होते. फुप्फुसं, अंडी, दूध, हाडांची ठेवण ही जमिनीवरची शिदोरी घेऊनच त्यांचे वंशज समुद्रात उतरले. हे एकदा पक्कं झालं की पुढच्या चुका आपोआप सापडू लागतात.

डॉल्फिनची शेपटी उभी लावणं

थर्माकोलच्या मॉडेलमधली ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. माशाचा शेपटीचा पर उभा असतो आणि तो डावी-उजवीकडे हलतो. डॉल्फिन आणि देवमाशाची शेपटी आडवी असते, ती वर-खाली हलते. कुत्रा जोरात धावताना त्याची पाठ पाहा, वर-खाली वाकते. सस्तन प्राण्याचा कणा असाच वाकतो, आणि देवमाशाने पोहण्यासाठी तोच वापरला. शेपटी उभी चिकटवली असेल तर कापून आडवी लावा, पाच मिनिटांचं काम आहे. अंगावर खवलेही रंगवू नका. डॉल्फिनची कातडी गुळगुळीत असते, आणि पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडावर थोडे केससुद्धा असतात.

कल्ले काढणं

सरीसृप (कासव, समुद्री साप), समुद्री पक्षी आणि सस्तन प्राणी (देवमासे, सील) या तिन्ही गटांत कोणालाच कल्ले नाहीत. स्पर्म व्हेल हा देवमासा तासाभराहून जास्त वेळ पाण्याखाली राहू शकतो, पण श्वासासाठी त्यालाही वर यावंच लागतं. म्हणून मॉडेलमध्ये एखादा तरी प्राणी पृष्ठभागावर श्वास घेताना दाखवा. समुद्री साप आणि वाम यांत गोंधळ होत असेल तर दोन गोष्टी तपासा. वाम हा मासा आहे, त्याला कल्ले आणि पर असतात. समुद्री सापाला पर नसतो, अंगावर सापाचे खवले असतात, आणि शेपूट वल्ह्यासारखं चपटं असतं.

"हे प्राणी समुद्राचं पाणी पितात" एवढंच लिहून थांबणं

खरी गंमत या प्रश्नात आहे, आणि गुण इथेच जातात. अकोला, अमरावती, बुलडाणा भागातल्या खारपाणपट्ट्यातल्या मुलांना हे चटकन समजेल, कारण खाऱ्या पाण्याने तहान भागत नाही हे त्यांना घरीच ठाऊक असतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माणसाची मूत्रपिंडं लघवीतून इतके तीव्र क्षार बाहेर टाकू शकत नाहीत. म्हणून समुद्राचं पाणी प्यायलं की शरीरातलं पाणी उलट कमीच होतं.

मग हे प्राणी कसे जगतात? प्रत्येकाची वाट वेगळी आहे, आणि उत्तरात ती वेगळीच लिहायला हवी. समुद्री कासवाच्या डोळ्यांजवळ मिठाच्या ग्रंथी असतात. अंडी घालताना कासव रडतं असं लोक म्हणतात, पण ते अश्रू म्हणजे बाहेर पडणारं खारं पाणी. पक्ष्यांच्या ग्रंथी डोळ्यांच्या वर असतात. त्यांतलं खारट पाणी नाकपुड्यांतून चोचीच्या टोकावर येऊन टपकतं. समुद्री सापाची ग्रंथी जिभेखाली असते, पण त्याचं काम तेवढ्यावर भागत नाही. पिवळ्या पोटाच्या समुद्री सापाला गोडं पाणी लागतं, आणि पाऊस पडल्यावर समुद्रावर साचणारा गोड्या पाण्याचा थर तो पितो. देवमासे आणि सील यांना अशा ग्रंथीच नाहीत. त्यांची मूत्रपिंडं समर्थ असतात, आणि बरंचसं पाणी त्यांना खाद्यातून व चरबीच्या विघटनातून मिळतं.

"सरीसृप म्हणून अंडी घालतो"

कासवांना हे लागू आहे, अंड्यांसाठी मादी किनाऱ्यावर येते. मात्र बहुतेक समुद्री साप पाण्यातच जिवंत पिल्लांना जन्म देतात. समुद्री मण्यार गटातले साप जमिनीवर येऊन अंडी घालतात, म्हणून त्यांचा वेगळा उल्लेख करा. कासवाच्या अंड्यांबद्दल आणखी एक गोष्ट जरूर लिहा: नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. जास्त गरम वाळूत माद्या जास्त, थंड वाळूत नर जास्त.

समुद्री कासव डोकं आणि पाय कवचात ओढून घेतं असं दाखवू नका. त्याला ते जमत नाही.

पाण्याजवळचा प्रत्येक पक्षी समुद्री पक्षी

बगळा किनाऱ्यावर दिसला तरी तो समुद्री पक्षी नाही. अल्बट्रॉस महिनोन् महिने समुद्रावर असतो. त्याच्या मोठ्या जातीच्या पंखांचा विस्तार सुमारे साडेतीन मीटर भरतो, आणि मादी एका वेळी एकच अंडं घालते. तरी मुलांना समुद्री पक्ष्यांच्या नातलगांची ओळख आपल्या विदर्भातच करून देता येते. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर पाणकावळा पंख पसरून बसलेला सापडतो. त्याच्या पायाची चारही बोटं पडद्याने जोडलेली असतात. त्याची पिसं भिजतात म्हणून बुडी मारणं सोपं जातं, आणि म्हणूनच नंतर ती वाळवावी लागतात. वैनगंगेवरचा नदी सुरयही समुद्री सुरयांच्याच कुळातला.

पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल एकाच बर्फावर ठेवू नका. अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, पेंग्विन जवळजवळ सगळे दक्षिण गोलार्धातले.

सहलीत पिल्लू हातात घेणं

साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. शाळेची सहल तिकडे नेत असाल तर मुलांना आधीच सांगून ठेवा: पिल्लू उचलायचं नाही, पाण्यात नेऊन ठेवायचं नाही, वाळूवरून ते आपलं आपण चालत जाऊ द्यायचं. टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश बंद. पिल्लं समुद्रावरच्या उजेडाच्या दिशेने जातात, दुसरा उजेड दिसला की वाट चुकतात.