सायकॉलॉजी करून अपघात रोखायच्या कामात करिअर कसं करायचं

सायकॉलॉजी नाहीतर सोशल वर्क केलेल्या पोरांना काउन्सेलिंग आणि एचआर एवढंच दिसतं, म्हणून हे लिहितोय. रस्ते अपघात, बुडणं, भाजणं, रेल्वे रुळांवरचे मृत्यू, हे सगळं रोखायचं एक अख्खं फील्ड आहे आणि तिथं माणसाचं वागणं समजणारी माणसं फार कमी आहेत. भारतात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 50 हजारांवर हेल्मेट न घातलेली. जखमीला वाचवणं डॉक्टरचं काम, पण ते हेल्मेट डिकीतच का राहिलं हे शोधणं आपलं.

पहिलं म्हणजे "लोकांमध्ये अवेअरनेस नाही" हे वाक्य सोडा. मुंबईतल्या वडाळा स्टेशनचं उदाहरण बघा. 2009-10 च्या सुमारास फायनलमाइल नावाच्या मुंबईच्या कंपनीने तिथं रूळ ओलांडणाऱ्यांवर काम केलं. गाडीखाली आलं की माणूस मरतो हे कुणाला माहीत नसतं? पण मोठी वस्तू समोरून येताना असते त्यापेक्षा हळू वाटते, हर्शेल लिबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्येच हे रेल्वे क्रॉसिंगबद्दल मांडलेलं. म्हणून काही अंतराअंतराने रुळांखालचे आडवे स्लीपर पिवळे रंगवले, गाडी त्यांच्यावरून येताना वेग डोळ्यांना कळावा म्हणून, एका लांब हॉर्नऐवजी दोन तुटक हॉर्न द्यायला सांगितलं कारण मध्ये शांतता आली की माणूस लगेच सावध होतो, आणि नुसत्या सूचनेच्या पाटीऐवजी गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. मृत्यू बरेच कमी झाल्याच्या बातम्या आल्या. मला यातला विचार मनापासून आवडतो, पण एकाच स्टेशनच्या आधीच्या-नंतरच्या आकड्यांवर थांबू नका, तुलनेला तशीच दुसरी स्टेशनं लागतात, कारण मध्येच नवीन पूल झाला किंवा भिंत बांधली तरी आकडा पडतोच.

म्हणूनच एमए नंतर जमलं तर एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थची मास्टर्स डिग्री करा, मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आहे, आकड्यांची आवड असेल तर देवनारलाच आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे. एपिडेमिऑलॉजी (आजार आणि इजा कुणाला, कुठे, किती होतात याचा अभ्यास) आणि स्टॅटिस्टिक्स टाळू नका, त्याशिवाय मीटिंगमध्ये तुमचं कुणी ऐकणार नाही. हॅडन मॅट्रिक्स तर पाठच करा. विल्यम हॅडन हे डॉक्टर, 1966 मध्ये अमेरिकेच्या हायवे सेफ्टी खात्याचे पहिले प्रमुख झाले, त्यांनी अपघाताआधी, अपघात होताना आणि नंतर असे तीन टप्पे घेतले आणि प्रत्येक टप्प्यात माणूस, वाहन, परिसर काय करतात ते तक्त्यात मांडलं. हा तक्ता भरला की कळतं की वागणं बदलणं हा एकच उपाय नाही, कधी कधी डिव्हायडर नाहीतर क्रॅश बॅरियर जास्त जीव वाचवतो, आणि हे मान्य करणारा बिहेवियरल सायंटिस्ट, म्हणजे माणसाच्या वागण्याचा अभ्यासक, इंजिनिअर लोकांना हवाहवासा वाटतो.

मग डिग्रीची वाट न बघता एक छोटा अभ्यास करा. एखादा चौक निवडा, दोघं जण सुरक्षित जागी उभे राहा, एकमेकांच्या कागदात न बघता प्रत्येक टू-व्हीलरची नोंद घ्या: चालवणाऱ्याला हेल्मेट आहे का, मागच्याला आहे का, पट्टा लावलाय का. सकाळ, रात्र, रविवार सगळं घ्या, आणि दोघांच्या नोंदी किती जुळतात ते काढा. लोकांना विचारून हे कळत नाही, विचारलं की सगळेच "घालतो की" म्हणतात. विचारायचं ते वेगळं: जवळच जायचंय, घाम येतो, मान दुखते, पार्किंगला ठेवायचं कुठं. यातल्या प्रत्येक उत्तराला वेगळा उपाय लागतो.

जाहिरातीत "बिहेवियरल सायंटिस्ट" हा शब्द क्वचितच दिसेल. रिसर्च ऑफिसर, रोड सेफ्टी, सर्व्हेलन्स, मॉनिटरिंग असं शोधा. मानसिक आरोग्यावर काम करणारी बेंगळुरूची निमहान्स, आयआयटी दिल्लीचं ट्रान्सपोर्ट सेफ्टीचं सेंटर, आरोग्यावर संशोधन करणारी जॉर्ज इन्स्टिट्यूट, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर काम केलेलं सेव्हलाइफ फाउंडेशन, यांची कामं वाचा आणि अर्जासोबत तुमचा तो चौकाचा अभ्यास जोडा.

एक मात्र कुठल्या सिलॅबसमध्ये नीट शिकवत नाहीत. या कामात गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन बोलावं लागतं. एथिक्स कमिटीची (संशोधनात लोकांना त्रास होऊ नये हे बघणाऱ्या समितीची) परवानगी घ्या, मराठीत संमतीपत्र न्या, घाई करू नका, आणि आईसमोर बसून पहिला प्रश्न "हेल्मेट का नव्हतं" हा कधीच विचारू नका.