पीस लिलीने माना टाकल्या, तर पाणी घालण्याआधी काय तपासावे?

सकाळी ताठ उभी असलेली पीस लिली संध्याकाळी कुंडीच्या कडेवरून लोळलेली दिसली, की आपला हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो. तो हात क्षणभर आवरावा. माती कोरडी पडली म्हणजे जशी पाने लोळतात, तशीच ती अतिपाण्याने मुळे कुजली तरी लोळतात, आणि दुरून पाहून या दोन अवस्थांतला फरक सहसा ओळखता येत नाही. पहिल्या अवस्थेत पाणी हेच औषध असते. दुसऱ्या अवस्थेत त्याच पाण्याने रोप हातचे जाते.

पीस लिली ही अळूच्या कुळातली वनस्पती आहे. अळूप्रमाणेच तिचे देठ जमिनीलगतच्या कंदासारख्या खोडातून थेट वर येतात आणि पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबावर उभे राहतात. पानांतून जेवढे पाणी उडून जाते, तेवढे मुळांकडून आले नाही, की हा दाब उतरतो आणि देठ वाकतात. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरून कुजतात, आणि कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नसल्यामुळे रोप पाण्यात उभे असूनही तहानलेले राहते.

म्हणून सर्वप्रथम कुंडी उचलून पाहावी. कोरड्या मातीची कुंडी हाताला चटकन हलकी लागते. खात्री करण्यासाठी जळून उरलेली अगरबत्तीची काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खोचावी आणि पाच मिनिटांनी बाहेर काढावी. ती कोरडी निघाली तर रोप तहानलेले आहे, ओली व माती चिकटलेली निघाली तर पाणी अजिबात घालू नये. वरची माती पाहून निर्णय घेणे फसवे असते, कारण पंख्याखाली वरचा थर सुकतो आणि तळाशी चिखल तसाच राहतो. कुंडी शोभेच्या भांड्यात ठेवली असेल, तर तीही बाहेर काढून पाहावी. माझ्या घरची एक पीस लिली ऐन पावसाळ्यात अशाच भांड्यात दोन बोटे साचलेल्या पाण्यात उभी होती, आणि ती माना टाकते म्हणून मी तिला रोज थोडे आणखी पाणी देत होतो.

माती कोरडी असल्यास वरून भसाभस पाणी ओतून उपयोग होत नाही. पूर्ण सुकलेली माती आकसते, कडेने फट पडलेली असते आणि सगळे पाणी त्या फटीतून खाली निघून जाते. त्याऐवजी बादलीत कुंडीच्या निम्म्या उंचीइतके पाणी घेऊन तीत कुंडी सुमारे अर्धा तास ठेवावी, वरची माती ओलसर झाली की बाहेर काढावी आणि पाणी पूर्ण निथळू द्यावे. काही तासांत देठ उभे राहू लागतात. फार सुकलेल्या रोपाला एखादा दिवस लागतो.

माती ओली असेल, तर मात्र रोप कुंडीतून काढून मुळे पाहण्याला पर्याय नाही. निरोगी मूळ पांढुरके आणि घट्ट असते. कुजलेले मूळ तपकिरी व लिबलिबीत असते, त्याला गटारासारखा वास येतो, आणि ते दोन बोटांत धरून हलके ओढले तर वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत केवळ दोऱ्यासारखा धागा उरतो. अशी सर्व मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत. हे करताना हातमोजे घालावेत, कारण अळूला असते तशीच खाज या रोपाच्या चिकालाही असते; कापलेली पाने मांजर-कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत.

मुळे निम्म्याहून कमी उरली असतील, तर बाहेरची जुनी पानेही जवळजवळ एक तृतीयांश कापावीत. पाने कापायला जीवावर येते, पण उरलेल्या मुळांना तेवढाच भार पेलतो. नंतर उरलेल्या मुळांच्या मापाची, तळाला भोके असलेली लहान कुंडी घेऊन कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाड वाळू यांच्या भुसभुशीत मिश्रणात रोप लावावे. हौसेने मोठी कुंडी घेतली, तर न वापरलेल्या मातीत ओल साठून सारे पुन्हा घडते. एकदाच बेताचे पाणी द्यावे, नवी पाने फुटेपर्यंत खत देऊ नये आणि तीन-चार आठवडे धीर धरावा.

माती बेताची ओलसर आणि मुळे पांढरी असूनही पाने लोळत असतील, तर दोष जागेत शोधावा. दुपारचे थेट ऊन, अंगावर येणारा एसीचा गार झोत किंवा नुकतेच केलेले कुंडीबदल ही नेहमीची कारणे आहेत. खिडकीपासून थोडे आत, पडद्याआडच्या उजेडात कुंडी हलवली की बहुधा पुरते.

पुढे पाण्याचे वार ठरवू नयेत. वरची सुमारे एक इंच माती सुकल्यावर आणि कुंडीही उचलून हलकी लागल्यावर, खालच्या भोकांतून पाणी येईपर्यंत ते घालावे आणि ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे. उन्हाळ्यात ही वेळ तीन-चार दिवसांनी येऊ शकते, तर कोकणातल्या जुलैमध्ये दहा दिवसही येत नाही.