शरीर कमवायचंय: आधी ताट बघायचं की वजनं?

"सत्तर टक्के खाणं, तीस टक्के व्यायाम." कोल्हापुरात कुठल्याही जिममध्ये आठवडाभर गेलात तर हे वाक्य कानावर पडतंच. कुणी सत्तरचे ऐंशी करून सांगतो. हे आकडे कुणी मोजलेले नाहीत आणि मोजता येणारही नाहीत, कारण दोघांची कामंच वेगळी आहेत. वजन वाढणार की घटणार, हे ताट ठरवतं. जे वाढलं किंवा घटलं ते स्नायू की चरबी, हे मुख्यतः तुम्ही उचललेली वजनं ठरवतात. त्यामुळे सुरुवातीला शोधायचं ते एवढंच, की आपल्या शरीराला आत्ता यातलं काय जास्त कमी पडतंय.

आपल्या तालमींना हे ठाऊक आहे. तिथे मेहनत आणि खुराक हे शब्द जोडीनंच येतात. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात लढले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वजनी गटात लढणाऱ्या मल्लाला काट्यावर मर्यादा पाळायची असते आणि त्याच मर्यादेत जास्तीत जास्त ताकद भरायची असते. मर्यादा ताटाने सांभाळायची, ताकद मेहनतीने भरायची. आपल्याला खासबागेच्या कुस्तीच्या आखाड्यात उतरायचं नसलं तरी हिशेब हाच आहे.

पहिलं काम: टेप आणि काटा

सकाळी उपाशीपोटी, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून कमरेचं माप घ्या. पोट आत ओढू नका. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. वजन सलग तीन-चार सकाळी घेऊन सरासरी काढा, कारण एका रात्रीच्या खाण्यापिण्यानेसुद्धा काटा किलोभर हलतो. आकडे वहीत लिहा.

आता स्वतःला ओळखा. कंबर रेषेच्या बरीच पुढे गेली आहे आणि वजनही जास्त आहे, तर पहिला जोर ताटावर. अंगात काही भरतच नाही, हाडं दिसतात, तर खाणं वाढवायचं आणि वजनंही उचलायची, दोन्ही एकदम. या दोघांचा मार्ग समजायला सोपा आहे.

फसतो तो तिसरा. वजन ठीक, शर्टात बारीकच दिसतो, पण दंड आणि मांड्या काडीसारख्या आणि पोट मात्र पुढे. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांत हा प्रकार फार दिसतो. तो पोट बघून जेवण तोडतो. मग वजन उतरतं, पण स्नायूंना काम नसल्याने उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा स्नायूंचा असतो. चार महिन्यांनी तोच माणूस आणखी लहान झालेला दिसतो आणि पोट थोडं शिल्लकच असतं. अशा माणसाने जेवणाचं प्रमाण जवळपास तेवढंच ठेवावं, त्यातली प्रथिनं वाढवावीत आणि वजनं उचलायला लागावं. त्याच्यापुरतं वजनांचं पारडं जड आहे, हे मी ठामपणे सांगेन.

दुसरं काम: आठवडाभराचं ताट लिहून काढा

लिहिल्याशिवाय आपण किती खातो ते कळत नाही. चहा किती झाले, साखर किती, मिसळीवर कट (तेलाचा तवंग असलेला झणझणीत रस्सा) किती वेळा मागून घेतला, सगळं लिहा. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, तेलात साधारण १२० कॅलरी असतात. मिसळीच्या कटात तेल भरपूर असतं. तासभर वजनं उचलून साधारण २०० ते ३०० कॅलरी खर्च होतात. म्हणजे जिममधून थेट मिसळीला गेलात आणि कट दोनदा घेतलात, की सगळी कमाई तिथेच संपली. चरबी उतरवण्यात ताट भारी पडतं ते याच गणितामुळे. ३०० कॅलरी व्यायामाने जाळायला तास लागतो, ताटातून कमी करायला अडीच चमचे तेल पुरतं.

मिसळ सोडा असं मी म्हणणार नाही. आठवड्यातून एकदा खा, कट एकदाच घ्या, मटकी जास्त मागा, ब्रेडच्या दोन स्लाइसवर थांबा.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबद्दल मात्र गैरसमज मोठा आहे. वाटीवर वाटी रस्सा प्यायला की ताकद येते, असं लहानपणापासून ऐकवलं जातं. प्रथिनं असतात ती फोडींत. रश्श्यात मटणाचं पाणी असतं. पांढऱ्यात त्यावर नारळाचं दूध, खसखस, काजू येतात, तांबड्यावर तेलाचा तवंग. म्हणून आधी सुक्या मटणाच्या फोडी पोटभर खा, रस्सा वाटीभर घ्या, भात शेवटी.

दुसरी अडचण वारांची. बुधवार, शुक्रवार, रविवार मटण-चिकन-अंडी, आणि सोमवार, गुरुवार, शनिवार भात-आमटी. त्यात श्रावण आला की महिनाभर सगळंच बंद. शरीर रविवारची प्रथिनं गुरुवारसाठी साठवून ठेवत नाही. वार पाळायचे असतील तर जरूर पाळा, पण त्या दिवसांसाठी शाकाहारी प्रथिनांची सोय आधीच करून ठेवा.

किती प्रथिनं लागतात? साध्या निरोगी माणसाला दिवसाला किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास पुरतात. वजनं उचलून स्नायू भरायचे असतील तर किलोमागे १.६ ग्रॅम धरा. ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम झाले. वजन फारच जास्त असेल तर आत्ताच्या वजनाऐवजी, जिथे पोचायचंय त्या वजनावर हिशेब करा.

ते आपल्याच घरातल्या अन्नातून असे जमतात. सकाळी तीन अंडी (१८ ग्रॅम) आणि पेलाभर दूध (९). दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर घट्ट उसळ, वाटीभर दही, मिळून २२-२३. संध्याकाळी मोठी मूठभर फुटाणे, १० ग्रॅम. रात्री १५० ग्रॅम कच्च्या वजनाचं चिकन (३३), एक भाकरी आणि आमटी, १० ते ११. बेरीज शंभराच्या थोडी पुढे जाते; राहिलेले आठ-दहा ग्रॅम आणखी पेलाभर दुधातून येतात. मटण-अंडी न खाण्याच्या वारी किंवा शाकाहारी घरात अंडी-चिकनच्या जागी ५० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्या (२६ ग्रॅम), १०० ग्रॅम पनीर (१८) आणि जास्तीची वाटीभर उसळ. शेंगदाण्यात प्रथिनं भरपूर आहेत, पण १०० ग्रॅममागे साडेपाचशेहून जास्त कॅलरी आहेत. बारीक माणसाने खुशाल खावेत, पोट सुटलेल्याने मोजून.

दुधाचंही तेच. गंगावेशीत कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं म्हशीचं दूध ही कोल्हापूरची शान आहे. पाव लिटरच्या पेल्यात साधारण २५० कॅलरी आणि ९-१० ग्रॅम प्रथिनं. किडकिडीत पोराला रोज दोन पेले म्हणजे वरदान. कंबर ९८ सेंटीमीटर असलेल्या माणसाला तेच दोन पेले म्हणजे दिवसभराची सगळी काटकसर वाया. (आणि कच्च्या दुधातून आजार येऊ शकतात, म्हणून घरी आणून उकळून पिणं चांगलं.)

पैलवानाचा खुराक बघून तसंच खाऊ नका, हे मला कळकळीने सांगायचंय. बदाम-खसखशीची थंडाई, तूप, लिटरच्या हिशेबात दूध हे सगळं पहाटेपासून शेकडो जोर-बैठका मारणाऱ्या आणि दोन वेळ मातीत लढणाऱ्या मल्लासाठी आहे. कुस्ती सुटल्यावर खुराक तसाच राहिला तर काय होतं, ते प्रत्येक पेठेत दिसतं.

तिसरं काम: आठवड्यातून तीन दिवस वजनं

सोमवार, बुधवार, शुक्रवार असे दिवस धरा. प्रत्येक दिवशी सगळ्या अंगाला काम द्या: वजन घेऊन बैठक, जमिनीवरून वजन उचलणं, झोपून छातीवरून बार ढकलणं, बार किंवा डंबेल पोटाकडे ओढणं, उभं राहून डोक्यावर वजन नेणं. प्रत्येकाचे तीन सेट (फेऱ्या), सेटला ८ ते १२ रॅप, म्हणजे वजन सलग तितक्या वेळा उचलायचं, आणि सेटच्या मध्ये दोन मिनिटं आराम. वजन असं निवडा की शेवटचे दोन-तीन रॅप जड जातील, पण पाठ वाकणार नाही. पहिले दोन आठवडे हलक्या वजनावर फक्त पद्धत शिका. एखादा जुना वस्ताद किंवा जाणता ट्रेनर समोर उभा असेल तर उत्तम.

खरं गुपित वजन वाढवत नेण्यात आहे. एका वजनावर तिन्ही सेटचे १२ रॅप पूर्ण झाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. स्नायूला आधीपेक्षा जास्त काम पडलं तरच तो वाढतो. वर्षभर त्याच दहा किलोच्या डंबेलवर दंड फुगवणारे वर्षानंतरही तसेच दिसतात, खाणं कितीही चांगलं असो. घरी जोर-बैठका मारणाऱ्यांनाही हेच लागू. सुरुवातीला जोर-बैठकांनी अंग भरतं. सलग तीस-चाळीस सहज व्हायला लागल्या की दम वाढत राहतो, स्नायूंची वाढ मंदावते. मग पाठीवर वजन घ्यावं लागतं.

बायकांनी वजनांना घाबरायचं काही कारण नाही. पुरुषांसारखे दंड फुगण्याएवढं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) त्यांच्या शरीरात नसतं. हाडं मात्र वजनांनी मजबूत होतात, आणि चाळिशीनंतर त्याची फार गरज असते. रंकाळ्याभोवती रोज चालणं चांगलंच आहे, तरी खांदे-पाठीला त्यातून काम मिळत नाही.

झोप सात-आठ तास. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीला रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळी संपवून थेट जिमला जाऊ नये, आधी झोप काढावी.

चौथं काम: दर दोन आठवड्यांनी ताळा

वही उघडा आणि कंबर व वजन एकत्र वाचा. चरबी उतरवायची असेल तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो ही चांगली गती. त्यासाठी रोजच्या खाण्यातून ३०० ते ५०० कॅलरी कमी पुरतात. वजन जागेवर, पण कंबर कमी आणि उचललेलं वजन वाढतंय, तर काहीही बदलू नका, तुमचं उत्तम चाललंय. वजन उतरतंय आणि उचलायची ताकदही उतरतेय, तर खाणं फार तोडलंय, एक भाकरी परत आणा. तीन आठवडे काहीच हललं नाही तर एकच गोष्ट बदला, एक भाकरी किंवा दोन चमचे तेल कमी करा, आणि पुन्हा मोजा. वजन वाढवणाऱ्या नवख्या पुरुषाने महिन्याला अर्धा ते एक किलो एवढीच अपेक्षा ठेवावी, स्त्रियांनी साधारण निम्मी. याहून वेगाने वाढलं तर त्यात चरबी जास्त असते.

प्रथिनांची पावडर हे बहुतेकदा दुधापासूनचं अन्नच असतं. घरचं ताट कमी पडलं तर घ्या, नाहीतर गरज नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी आणि जड वजनांना हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

इंजेक्शनचं वेगळं. भुलीच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरलं जाणारं मेफेंटरमाइन काही पोरं व्यायामाआधी टोचून घेतात, आणि लवकर फुगायला स्टेरॉइड. पहिल्याने हृदयाची लय बिघडते आणि सवय लागते. दुसऱ्याने यकृत, हृदय आणि पुरुषत्व तिन्हींना धोका. तुमच्या जिममध्ये कुणी असं काही पुढे केलं तर त्याच दिवशी ती जिम सोडा, आणि पोर अठराच्या आतलं असेल तर त्याच्या घरी जाऊन सांगा.