ओसाकात खायला निघालात? निदान या चुका तरी टाळा

क्योतोची माणसं कपड्यांपायी कफल्लक होतात आणि ओसाकाची खाण्यापायी, अशी जपानीत म्हण आहे. खाण्यापायी कफल्लक होण्याला 'कुइदाओरे' म्हणतात आणि हल्ली इथल्या निम्म्या टूरच्या जाहिरातींत तो शब्द असतोच. मी अकरा वर्षं ओसाकात राहते. पुण्याचे, नाशकाचे, ठाण्याचे नातेवाईक, मैत्रिणी, मैत्रिणींचे दीर, दिरांचे बॉस, कितीतरी जणांना मी स्थानिक गाइडबरोबर खादाडीच्या फेरीला पाठवलंय. बऱ्याचदा दुभाषी म्हणून स्वतःही गेलेय. माणसं नवी येतात, चुका त्याच करतात. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

फॉर्मवर नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून निर्धास्त होणं

ही चुकांची महाराणी. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. आपल्याकडे फोडणी, तसं इथे दाशीचं पाणी. सूपमध्ये दाशी, तोफूवरच्या रश्शात दाशी, ताकोयाकीच्या (ऑक्टोपसचा तुकडा घालून भाजलेले गोळे) पिठात दाशी, अंड्याच्या गुंडाळीत दाशी. आणि ही दाशी बहुतेक वेळा कात्सुओबुशीची असते, म्हणजे कुप्याच्या कुळातला मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवायचा आणि रंध्यानं त्याचा कीस काढायचा. तो कीस गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून गाळून घेतला की दाशी तयार. ताटात मासा कुठेच दिसत नाही. त्यामुळे दुकानदाराच्या लेखी तो पदार्थ 'मासा नसलेला' असतो. तो खोटं बोलत नाही. आपण पोळीत मीठ आहे का असा विचार करत नाही, तसा तो दाशीचा करत नाही.

माझ्या मोठ्या मावशीचं हेच झालं. वय अडुसष्ट, चातुर्मास पाळणारी, आयुष्यात अंडंसुद्धा न खाल्लेली. फॉर्म तिच्या मुलानं भरला आणि 'व्हेजिटेरियन' या एका चौकटीत टिकमार्क करून मोकळा झाला. गाइडबाई पन्नाशीच्या, जन्म ओसाकातलाच, अतिशय जीव लावणाऱ्या. त्यांनी आधीच दोन दुकानांत सांगून ठेवलं होतं की ओकोनोमियाकीत (कोबी घातलेलं जाडसर धिरडं) डुकराचं मांस नको, माकूळ नको, वरून भुरभुरायचा माशाचा कीसही नको. म्हणजे दिसणारं सगळं त्यांनी काढायला लावलं होतं. ओकोनोमियाकी मावशीनं अंड्यामुळे बाजूला सारली. मग समोर आलं आगेदाशी तोफू, तळलेल्या तोफूवर पातळ तपकिरी रस्सा. मावशी खूश. अर्धी वाटी संपवून मला विचारते, "अगं, ही आमटी कशाची गं? फोडणी नाही, मसाला नाही, मग चव कुठून आली?"

मी बाईंना विचारलं. बाईंनी अभिमानानं सांगितलं, की दुकानाचे मालक रोज सकाळी ताजी दाशी काढतात, कात्सुओबुशीची. ते मराठीत सांगायला मला जो वेळ लागला, त्यावरूनच मावशी समजली. तिनं चमचा खाली ठेवला. बाईंचा चेहरा पांढराफटक. त्या उठून, कमरेत वाकून माफी मागायला लागल्या, आतून मालकही आले, तेही वाकले. आठ खुर्च्यांचं दुकान, सगळी आमच्याकडे बघतायत. मावशी मात्र शांतपणे म्हणाली, "तिला सांग, पाण्यात मासा असायचाच. विचारायचं आम्हीच विसरलो." मग तिनं मिठातले एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा), काकडी आणि मीठ लावलेला भाताचा गोळा एवढ्यावर ती संध्याकाळ काढली. गाइडबाई पुढचे दोन तास जवळजवळ गप्पच होत्या.

तेव्हापासून माझी सवय अशी: निदान आठवडाभर आधी गाइडला स्वतः निरोप पाठवते. त्यात 'शाकाहारी' हा शब्दच वापरत नाही, यादी देते. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, आणि वेगळ्या ओळीत 'साकाना नो दाशी मो ताबेमासेन', म्हणजे माशाची दाशीसुद्धा खात नाही. हे वाक्य जपानी लिपीत लिहून घेऊन खिशात ठेवा. फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपवर विसंबून दुकानाच्या दारात विचारू नका. अ‍ॅप विचारतं "यात मासा आहे का", दुकानदार म्हणतो "नाही", आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. कुशिकात्सुचं, म्हणजे काडीला टोचून तळलेल्या तुकड्यांचं, तर विचारूही नका. कमळकाकडीची काडी शाकाहारी दिसते खरी, पण तिच्या पिठात बहुधा अंडं असतं आणि कढई मांसाबरोबर एकच.

आधी सांगितलं तर मार्ग निघतो, आणि तो ओसाकात जरा जास्तच सोपा आहे. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) उत्तरेच्या होक्काइदो बेटाकडून जपानच्या समुद्रातून जहाजं येत, ती कोंबू नावाचं समुद्री शेवाळ ओसाकाला उतरवत. त्यामुळे हे शहर कोंबूचं शहर झालं. शेजारच्या साकाइमध्ये सुऱ्या बनतात, तिथेच कोंबू कागदासारखा तासायचा धंदाही वाढला. इथल्या जुन्या स्वयंपाक्याला नुसत्या कोंबूची दाशी काढणं अवघड नाही, फक्त त्याला आदल्या दिवशी कळायला हवं, कारण कोंबू बराच वेळ पाण्यात भिजत ठेवावा लागतो. ऐनवेळी दारात उभं राहून "प्लीज, नो फिश" म्हणण्यात काही अर्थ नाही.

आणि कांदा-लसूणही चालत नसेल, तर शहरातली फेरी सोडा. शहराच्या दक्षिणेकडच्या नाम्बाहून नान्काई या रेल्वे कंपनीच्या गाडीनं आणि पुढे केबलकारनं सुमारे दोन तासांत कोयासानला जा. तिथल्या मठांत शोजिन र्योरी मिळतं, बौद्ध भिक्षूंचा स्वयंपाक, त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. जेवण मात्र आधी सांगून ठेवावं लागतं. तिथल्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, 2015 मध्ये बसवलेला. मावशीला मी नंतर तिथेच नेलं आणि ती पोटभर जेवली.

'नाम्बाला भेटू' म्हणजे कुठे, हे न बघणं

दादरला भेटू म्हटल्यावर पश्चिम की पूर्व, असं आपण विचारतो ना? मग इथे का नाही विचारत? नाम्बा नावाची स्टेशनं बघा: मेट्रोचं नाम्बा, तेही तीन मार्गांवर पसरलेलं. नान्काईचं नाम्बा. किन्तेत्सु आणि हान्शिन या खासगी रेल्वे कंपन्यांचं ओसाका-नाम्बा. आणि जेआरचं, म्हणजे जपान रेल्वेचं नाम्बा, जे या सगळ्यांपासून बऱ्यापैकी लांब पश्चिमेला आहे. उत्तरेकडे उमेदाला याहून वाईट. जेआरच्या स्टेशनाचं नाव ओसाका, मेट्रोचं उमेदा, शिवाय हिगाशी-उमेदा आणि निशी-उमेदा वेगळी, हान्क्यू आणि हान्शिनची 2019 पासून ओसाका-उमेदा. ही सगळी जमिनीखालच्या बाजारानं जोडलेली, जिथे मीसुद्धा अजून महिन्यातून एकदा हरवते.

कॉलेजमधल्या मैत्रिणीचं कुटुंब, पाच माणसं, नान्काईऐवजी जेआर नाम्बाला जाऊन उभं राहिलं. गाइडनं नकाशा पाठवला होता, तो कुणी उघडलाच नव्हता. "अगं, स्टेशनवरच आहोत, तोच दिसत नाहीये!" असा फोन. पंचवीस मिनिटं गेली. आपल्याकडे पंचवीस मिनिटं म्हणजे काय, लग्नात अक्षता तेवढ्या थांबतातच. पण पहिलं दुकान सात खुर्च्यांचं होतं आणि मालकानं सहा ते पावणेसात एवढीच वेळ आमच्यासाठी राखली होती. आम्ही पोचलो तेव्हा खुर्च्या भरलेल्या. मालक काही बोलला नाही, नुसती मान डोलावली. गाइड मुलगा दारातच पुन्हा पुन्हा वाकत होता.

मैत्रिणीला वाटलं, एक दुकान हुकलं, त्याचे पैसे परत मागू. मला जे दिसलं ते तिला दिसलं नाही. अशी छोटी दुकानं परक्यांच्या गटाला सहजी जागा देत नाहीत. भाषा येत नाही, ऑर्डर कमी, फोटो जास्त, नेहमीची गिऱ्हाइकं वैतागतात. ती जागा मिळते कारण गाइड वर्षानुवर्षं तिथे एकटा जाऊन बसलेला असतो, मालकाच्या ओळखीचा झालेला असतो. आपण पैसे भरतो ते त्या ओळखीचे. आपण उशीर केला की गाइडची पत जाते, आणि पुढच्या वेळी त्याला 'आज जरा अडचण आहे' असं गोड उत्तर मिळतं.

मी अर्धा तास आधी पोचते, ठरलेल्या खुणेला हात लावून येते, आणि मग मशीनमधली कॉफी घेऊन बाजूला उभी राहते. लोक हसतात. हसू देत.

ताकोयाकी आप्प्यासारखी अख्खी तोंडात टाकणं

साचा आप्पेपात्रासारखाच दिसतो म्हणून फसतात. आत उकळती खीर असते. काडीनं फोडा, वाफ जाऊ द्या.

'तीन तासांत बारा पदार्थ' बघून बुकिंग करणं

घाईच्या लोकांसाठी घाईचे लोक असल्या टूर काढतात. दोतोन्बोरीला, म्हणजे नाम्बाजवळच्या कालव्याकाठच्या गजबजाटात, धावत्या माणसाच्या पाटीखाली हात वर करून फोटो, एक ताकोयाकी, एक काडी, चला पुढे. दोतोन्बोरी वाईट नाही. कालवा 1615 चा आहे, आणि दोन पावलांवर होझेन्जीच्या बोळात लोकांनी पाणी घालून घालून शेवाळानं हिरवागार झालेला फुदो या बौद्ध देवतेचा दगडी पुतळा आहे, तो जरूर बघा. पण ते बघायला गाइड कशाला? गाइड घ्यायचा तो तेन्मा भागातल्या बोळांसाठी, जिथे पाटी वाचता येत नाही आणि दाराला पडदा असतो. तिथली तेन्जिनबाशीसुजी ही बाजारपेठ 2.6 किलोमीटर लांब आहे, ती एकट्यानं फिरून संपत नाही आणि समजतही नाही.

2018 पासून जपानात परवाना नसतानाही पैसे घेऊन गाइडचं काम करता येतं. त्यामुळे उत्तम माणसं या धंद्यात आली आणि कालच शहरात आलेलीही आली. मी परवाना बघत नाही, तीन गोष्टी बघते: गट सहाच्या आत आहे का, दुकानं तीन-चारच आहेत का, आणि गाइड स्वतःच्या मोहल्ल्याबद्दल काही सांगतो की नुसती विशेषणं लावतो.

आणखी काही, ज्यांवर जास्त बोलायची माझी इच्छा नाही

हॉटेलात नाश्त्याला पोट फुटेस्तोवर खाऊन येऊ नका. साके (तांदळाची दारू) चाखायला किंवा चहाच्या समारंभाला जाताना अत्तर लावू नका, मग शेजारच्यालाही साकेचा किंवा चहाचा वास येत नाही. चहाच्या वेळी अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा, जुन्या वाडग्यावर ओरखडा येतो. मोज्यांना भोकं नकोत, बूट काढावेच लागतात. कुशिकात्सुचा सॉस सामाईक असेल तर त्यात काडी एकदाच बुडवायची, चावलेली तर कधीच नाही. आपल्याला उष्टं वेगळं समजावून सांगायला नको खरं तर, तरी सांगावं लागतं. सॉस कमी पडला तर कोबीच्या पानानं काढून घ्या. रोख येन जवळ ठेवा. दारू प्यायची नसेल तर ऊलाँग चहा मागवा, कुणी आग्रह करत नाही, पण खुर्ची अडवून काहीच न मागवणं मात्र चालत नाही. इझाकायात, म्हणजे जपानी दारूच्या खानावळीत, आपण न मागताच समोर येणारी छोटी वाटी म्हणजे ओतोशी, तिचे पैसे बिलात लागतात. त्यावरून भांडू नका, आणि तिच्यातही दाशी असू शकते.

जबरदस्तीनं टिप देणं

इथे ती पद्धत नाही. दुकानात पैसे ठेवून निघालात तर विसरलात समजून कुणीतरी मागे पळत येईल. गाइडलाही त्या पाकिटानं अवघडायला होतं. काही द्यायचंच असेल तर गावाकडचा खाऊ द्या, नीट बांधलेला, दोन्ही हातांनी. मावशी परत गेल्यावर तिनं त्या गाइडबाईंसाठी माझ्याकडे बाकरवडी पाठवली. मी ती घेऊन गेले. बाईंनी पुडा हातात घेतला, उलटा केला, मागची देवनागरी अक्षरं गंभीर चेहऱ्यानं बराच वेळ न्याहाळली आणि मला विचारलं, "यात दाशी नाही ना?"