अनुभवी सेंटरला पुन्हा करार देण्याआधी

सगळ्यात आधी कॅलेंडर घ्या आणि फेब्रुवारीचं पान काढा. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, मोसमातली खेळाडूंची अदलाबदल फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंद होते, करार मात्र संपतात जूनच्या अखेरीस. तिशी ओलांडलेला, सामन्यामागे सतरा-अठरा गुण काढून देणारा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, ठेवायचा की नाही, हे फेब्रुवारीच्या आतच ठरलेलं असायला हवं. तोवर संघापुढे तीन वाटा असतात: ठेवणं, दुसऱ्या संघाला देऊन मोबदला घेणं, किंवा मोकळं सोडणं. जूनमध्ये मधली वाट जवळपास बुजलेली असते आणि उरलेल्या दोनांत ‘ठेवा’ हेच सोपं वाटतं. 2023 साली शिकागो बुल्सचं नेमकं हेच झालं. त्यांचा सेंटर निकोला वुचेविचच्या कराराचं ते शेवटचं वर्ष. संघ जेमतेम निम्मे सामने जिंकत होता, तरी त्या फेब्रुवारीत बुल्सनी एकही व्यवहार केला नाही. जूनच्या शेवटी तीन वर्षांचा, 6 कोटी डॉलरचा करार झाला. मला त्या रकमेचं वाईट वाटत नाही, वाईट वाटतं ते फेब्रुवारीची संधी हातात असून वाया गेल्याचं.

दुसरं काम म्हणजे त्याला आणताना काय दिलं होतं, तो कागद बाजूला ठेवा. मार्च 2021 मध्ये बुल्सनी वुचेविचसाठी ऑरलँडो मॅजिकला वेंडेल कार्टर, ऑटो पोर्टर आणि ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीतल्या दोन निवडी दिल्या. त्यातल्या पहिल्या निवडीवर ऑरलँडोनं फ्रान्झ वॅग्नरला घेतलं. हे आठवलं की कुणाच्याही तोंडी येतं, ‘एवढं मोजून आणला, आता फुकट कसा जाऊ द्यायचा?’ पण ते मोजून झालं. वॅग्नर काही परत येणार नाही. बैठकीत हे वाक्य कुणी उच्चारलं, तर तिथल्या तिथे थांबवा.

मग खेळ बघा, आणि तक्त्याच्या आधी चित्रफीत बघा. 2022-23 मध्ये वुचेविच सगळे 82 सामने खेळला, सामन्यामागे 17.6 गुण आणि 11 रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले चेंडू. बत्तिशीतला सेंटर एकही सामना चुकवत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. उपलब्धतेचा रकाना भरला, पुढे चला. खरं बघायचं ते असं: तो चेंडू नेणाऱ्या गार्डसाठी स्क्रीन लावतो, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो, आणि बास्केटकडे न धावता दोन पावलं मागे, तीन गुणांच्या रेषेबाहेर सरकतो. तिथे चित्रफीत थांबवा. त्याच्यावरचा बचावपटू कुठे उभा आहे? तो बाहेर आला असेल तर बास्केटखाली मोकळं रान आहे, गार्ड थेट आत घुसू शकतो. तो आतच ठाण मांडून बसला असेल, तर समोरच्या संघानं ‘मार बाबा बाहेरून’ असं ठरवलंय. अशा वीस-पंचवीस चाली बघितल्या की या माणसाची किंमत कळते. टक्केवारी फसवते: तीन गुणांच्या फटक्यांत वुचेविच त्या वर्षी 34.9 टक्के होता, नव्या कराराच्या पहिल्या वर्षी 29.4 आणि दुसऱ्या वर्षी 40.2. एकाच्या भरवशावर सही केली तर दुसऱ्यानं रडायची पाळी येते.

शेवटची पाच मिनिटं वेगळी काढून बघा. 15 एप्रिल 2023 ची पहाट मला अजून आठवते. इकडे बाहेर अंधार, तिकडे मायामीत बाद फेरीतली जागा ठरवणारा प्ले-इनचा सामना, आणि शेवटची चार मिनिटं राहिली असताना बुल्स तीन गुणांनी पुढे. तिथून त्यांना एकच गुण मिळाला. मायामीनं पंधरा काढले. अशा वेळी चेंडू सेंटरच्या हातात किती वेळा येतो, आला तर तो फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याच्या फाउलमुळे मिळणारे मोकळे फटके, मिळवतो का, हे मोजा. वुचेविच फ्री थ्रो फार कमी मिळवतो. मऊ हाताचा खेळाडू आहे, अंगावर जाणारा नाही. हा दोष म्हणून लिहू नका, पण लिहा.

बचावाच्या रकान्यात घाई करू नका. जड पायांचा सेंटर म्हणजे गळका बचाव, असं सरसकट म्हटलं जातं. पण 2022-23 मध्ये बुल्सचा बचाव लीगमधल्या पहिल्या पाचांत होता आणि मध्यभागी हाच वुचेविच उभा होता. कारण त्याच्यापुढे ॲलेक्स कारुसोसारखा माणूस होता, गार्डला आत येऊच न देणारा. म्हणून फक्त सेंटरबद्दल विचारू नका, त्याच्यापुढे पुढची तीन वर्षं कोण असेल हेही विचारा. कारुसो 2024 मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला. करार मात्र त्याला धरून केलेला होता.

आता पैशाचं पान. हे सगळ्यात सावकाश वाचा, कारण चाहते इथेच सर्वांत जास्त चुकतात. ‘त्याला सोडा, दोन कोटी वाचतील, त्यात दुसरा आणा’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण संघ पगारमर्यादेच्या, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या एकूण पगाराला लीगनं घातलेल्या मर्यादेच्या, वर असेल तर वाचलेले पैसे खर्च करता येत नाहीत. आपल्याच खेळाडूला ठेवण्यासाठी मर्यादा ओलांडायची मुभा आहे, तिला बर्ड राइट्स म्हणतात, जुना खेळाडू लॅरी बर्डच्या नावावरून. बाहेरच्यासाठी ती मुभा नाही. 2023-24 साठी मर्यादा होती सुमारे 13 कोटी 60 लाख डॉलर. झॅक लव्हीन, डेमार डरोझन, जानेवारी 2022 पासून गुडघ्यामुळे बसून असलेला लोन्झो बॉल, आणि ज्यांना ठेवायचंच होतं ते कोबी व्हाईट आणि आयो डोसुन्मू, यांच्यासह बाकीचे पगार धरले की ती भरत होती. वुचेविच गेला असता तर हातात उरली असती मिड-लेव्हलची रक्कम, म्हणजे मर्यादेवरच्या संघालाही बाहेरच्या खेळाडूवर खर्चता येणारी ठरावीक रक्कम, सुमारे 1 कोटी 24 लाख. तेवढ्यात तसा सेंटर येतो का, याचं उत्तर नावानिशी लिहा. नाव सुचत नसेल तर जूनमधला करार चूक नव्हता, चूक आधीच झाली होती.

नाव लिहिण्यावर मी अडून बसतो ते शार्लटच्या संघामुळे. 2013 मध्ये सेंटर अल जेफरसन तिथे आला तेव्हा संघ आदल्या मोसमात 21 सामने जिंकलेला होता. पहिल्याच वर्षी त्यानं 21.8 गुण काढले आणि संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीत, गेला. बास्केटच्या डाव्या बाजूला पाठ लावून उभा राहायचा, चेंडू वर नेल्याची हूल द्यायचा, समोरचा उडाला की तो खाली यायच्या आत फटका. 2016 पर्यंत गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, सामने 47 वर आले, गुण 12 वर. शार्लटनं त्याला सोडला. इंडियानानं तीन वर्षांचे 3 कोटी दिले आणि तिथे तो आठ गुणांवर आला. म्हणजे सोडणं योग्यच होतं. पण त्याच्या जागी कोण? आधी एका वर्षासाठी रॉय हिबर्ट, मग फेब्रुवारी 2017 मध्ये हिबर्ट देऊन माइल्स प्लमली, आणि त्याच्याबरोबर त्याचा चार वर्षांचा, 5 कोटींचा करार. जेफरसनला नाकारलेल्या पैशापेक्षा जास्त ओझं शार्लटनं स्वतःच उचलून घेतलं, आणि संघ 48 विजयांवरून 36 वर आला.

इतकं करूनही ‘ठेवा’ असंच उत्तर आलं, तर रकमेइतकाच कराराचा उतार बघा. 2019 मध्ये ऑरलँडोनं याच वुचेविचला चार वर्षांचे 10 कोटी दिले, पण पगार दरवर्षी खाली येणारा ठेवला: 2 कोटी 80 लाख, मग 2 कोटी 60 लाख, मग 2 कोटी 40 लाख, मग 2 कोटी 20 लाख. वय चढत जातं तसा पगार उतरत जातो. दुसऱ्या वर्षी त्याला दुसरीकडे पाठवताना ऑरलँडोला दोन निवडी मिळाल्या. शिकागोनं उलटं केलं: 1 कोटी 85 लाख, 2 कोटी, 2 कोटी 15 लाख. पस्तिशीतल्या सेंटरला सर्वांत मोठा पगार. बेरीज तीच ठेवून हे तीन आकडे उलटे मांडा, आणि तो कागद खेळाडूच्या एजंटला फोन करायच्या आधी समोर ठेवा.