कनेक्टर टीम मिळाली म्हणून तोंड पाडू नका

एंटरप्राइझ सर्चचं, म्हणजे कंपनीच्या आतली कागदपत्रं शोधायचं, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत रुजू झाले तेव्हा माझ्या डोक्यात एकच खूळ होतं: रँकिंग, म्हणजे कुठला निकाल वर दाखवायचा ते ठरवणं. ल्युसीन ही सर्चची ओपन सोर्स लायब्ररी घरी चालवून पाहिली होती, निकालांना गुण देणारं बीएम२५ चं सूत्र तोंडपाठ होतं. पहिल्याच दिवशी कळलं की मला कनेक्टर टीममध्ये टाकलंय. म्हणजे ग्राहकाच्या शेअर्ड ड्राइव्हमधून, विकीमधून, तिकीट सिस्टिममधून कागदपत्रं उचलायची आणि इंडेक्सपर्यंत, म्हणजे सर्च ज्यात शोधतं त्या साठ्यापर्यंत, आणून टाकायची. थोडक्यात हमाली. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नव्हते. दरवर्षी नव्या बॅचमधल्या दोघा-तिघांचा चेहरा तसाच झालेला दिसतो, म्हणून हे लिहितेय.

इन्व्हर्टेड इंडेक्स (कुठला शब्द कुठल्या कागदपत्रांत आहे त्याची यादी), अ‍ॅनालायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) वगैरे तुम्हाला येतं असं धरते. बीएम२५ मधले १.२ आणि ०.७५ हे नेहमीचे ठरलेले आकडे खालीवर करून चमत्कार होईल ही आशा मात्र सोडा. मी त्यात दोन महिने घालवले, नंतर मूळ आकड्यांवरच परत आले. आणि वेबचं ज्ञान इथे फार कामाला येत नाही. वेबवर पानं एकमेकांना लिंक देतात, त्यावरून कुठलं पान वजनदार ते थोडंफार ठरतं. कंपनीच्या आत ‘फायनल_नवीन_२’ नावाच्या फाइलला लिंक कोण देणार?

आता माझी फजिती. आमचा कनेक्टर दर पंधरा मिनिटांनी ड्राइव्हला विचारायचा, मागच्या वेळेनंतर कुठल्या फाइल बदलल्या? ‘बदलल्याची तारीख’ बघायची, नवी असेल तेवढ्याच फाइल उचलायच्या. सुटसुटीत, वेगवान. कोड रिव्ह्यूमध्ये कौतुकही झालं. एका ग्राहकाकडे एचआरने पगारवाढीची एक्सेल शीट चुकून सगळ्यांना उघड्या असलेल्या फोल्डरमध्ये ठेवली. तासाभरात लक्षात आलं, त्यांनी परवानगी काढली, विषय मिटला. त्या तासात आमचा क्रॉलर (कनेक्टरचा फाइल वाचत फिरणारा भाग) येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी तिथल्या एकाने सर्चमध्ये स्वतःचं नाव टाकलं. (सगळे टाकतात. तुम्हीही टाकाल.) पहिलाच निकाल ती शीट. क्लिक केलं तर ‘परवानगी नाही’. पण निकालाखाली जो दोन ओळींचा तुकडा दिसतो, त्यात त्याचा आकडा होता आणि शेजारी बसणाऱ्याचाही.

नीट बघा काय झालं ते. फाइलची परवानगी बदलली की फाइलमधला मजकूर बदलत नाही, म्हणून ‘बदलल्याची तारीख’ही बदलत नाही. आमच्या कनेक्टरच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं. इंडेक्समध्ये त्या शीटच्या नावापुढे ‘सर्वांसाठी’ असंच लिहिलेलं राहिलं. सर्च करताना आम्ही परवानगी तपासत नव्हतो असं नाही, अगदी तपासत होतो, पण कालची परवानगी.

पुन्हा सांगते, कारण हे ऐकून मान डोलावणारे सगळे नंतर तीच चूक करतात. तारीख मजकुराची असते, परवानगीची नसते. डिलीट झालेली फाइल तर ‘बदललेल्यां’च्या यादीत येतच नाही, कारण ती कुठल्याच यादीत नसते. आणि माणूस एखाद्या ग्रुपमधून निघाला, तर फाइलला कुणी हातही लावलेला नसतो. तुम्ही इंडेक्स करताना ग्रुप फोडून माणसांची नावं साठवली असतील, तर त्या गेलेल्या माणसाला सगळं दिसत राहणार. इंडेक्समध्ये ग्रुपच ठेवा, माणूस कुठल्या ग्रुपमध्ये आहे ते सर्चच्या वेळी विचारा. परवानग्यांसाठी वेगळी फेरी मारा. आणि शीर्षकांवरून सजेशन दाखवत असाल तर ती यादीही याच गाळणीतून काढा. आम्ही ती विसरलो होतो, ते प्रकरण वेगळं.

दर निकालाला ‘याला परवानगी आहे का’ असं मूळ सिस्टिमला विचारायचं, हा दुसरा उपाय कुणीतरी सुचवेलच. अचूक आहे, पण संथ, आणि दहापैकी सात निकाल गळाले की पानावर तीनच उरतात. आम्ही संवेदनशील फोल्डरपुरताच तो ठेवला.

त्या आठवड्यात मी नोकरी जाणार असं धरून चालले होते. गेली नाही. ही चूक या धंद्यात बऱ्याच जणांच्या हातून एकदा होते, फक्त कुणी बोलत नाही. पण दुसऱ्यांदा केलीत तर माझ्याकडे सहानुभूती मागायला येऊ नका.

मेंटॉरबद्दल माझं मत जरा तिखट आहे. मला नेमून दिलेले सीनियर आर्किटेक्चरच्या चौकटी फार सुंदर काढायचे. ही भानगड मला समजावली ती सपोर्टमधल्या एका बाईंनी, जुनी तिकिटं उघडून. पहिल्या महिन्यात कोर्स करू नका, शंभर जुनी तिकिटं वाचा. आणि ‘आता व्हेक्टर सर्च (मजकुराचे आकडे करून अर्थाने शोधणारं) आलंय, हे सगळं जुनं झालं’ असं म्हणणाऱ्याला विचारा, व्हेक्टरला परवानगी कुठे चिकटवलीस? चॅट असिस्टंट सर्चने शोधून दिलेल्या मजकुराच्या तुकड्यांवरूनच उत्तर रचतो. तिथे पगाराचा आकडा सरळ वाक्यात येईल आणि क्लिक करून ‘परवानगी नाही’ हे कळण्याचीही सोय नसेल.

रुजू झालात की टेस्ट सर्व्हरवर एक फाइल टाका, ती सर्चमध्ये दिसू द्या, मग एका युजरची परवानगी काढा आणि घड्याळ लावा. त्या युजरला ती किती वेळ दिसत राहते ते मोजा. आमच्याकडे पूर्ण क्रॉल, म्हणजे सगळ्या फाइल आणि परवानग्या नव्याने वाचणं, रविवारी रात्री व्हायचा, म्हणून सोमवारी काढलेली परवानगी पुढच्या रविवारी लागू व्हायची. हे सोमवारी करून बघा. मी पहिल्यांदा रविवारी संध्याकाळी केलं होतं, आणि सकाळी सगळं ठीक दिसलं.